शिकविणाऱ्यांचे शिक्षण

जबलपूर-इटारसी मार्गावरील गाडी पिपरिया स्थानकावर थांबली, की सातपुड्याच्या थंड हवेसाठी निघालेल्या सहलकऱ्यांच्या गर्दीत एक निराळा घोळका कधी कधी दृष्टीस पडतो. गळ्यात स्कार्फ, पाठीवर वळकटी आणि वय मात्र चाळिशी-पन्नाशीच्या घरातले. त्यांत शिक्षक असतात, रेल्वेतील कर्मचारी असतात, गृहिणीही असतात. पिपरियापासून सुमारे ५० किलोमीटरवर पचमढी येथे भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. मुलांना शिकविण्यासाठी आधी स्वतः शिकावे, म्हणून ही मंडळी तेथे निघालेली असतात. पथक चालविण्याबद्दल त्यांना कोणी वेतन देत नाही. मग घरदार सोडून तंबूत झोपण्यास ती का जातात? आणि त्याहून कठीण प्रश्न असा, की जी जात नाहीत त्यांना कसे न्यावे? या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्यासारख्या मंडळांनाही तो बोधप्रद आहे.

इ. स. १९०७ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक क्रमशः प्रसिद्ध झाले आणि मुलांनी ते अक्षरशः उचलून धरले. कोणी आज्ञा देण्यापूर्वीच गावोगावी मुलांनी आपापली पथके बांधली व मग त्यांना एखादा वडीलधारा माणूस शोधावा लागला. १९१० पर्यंत ब्रिटनमध्ये स्काउटांची संख्या लाखावर गेली. मुले मिळाली, पुस्तक मिळाले. परंतु मुलांना सांभाळणारी शिकलेली माणसे कोठून आणावयाची, हा पेच चळवळीच्या जन्माबरोबरच जन्मला.

हा पेच केवळ सोयीचा नव्हता. १९१२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउटांची होडी शेपी बेटाजवळ वादळी वाऱ्यात उलटली आणि नऊ मुले बुडून मरण पावली. अचानक उठलेल्या वाऱ्यापुढे कोणाचे काय चालणार? तेथे दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी हा प्रसंग मी सांगत नाही. मात्र दुसऱ्यांची मुले हौसेने सोबत नेणाऱ्या माणसाच्या खांद्यावर केवढा भार असतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. त्यानंतर दोनच वर्षांनी महायुद्ध सुरू झाले. अनेक पथकप्रमुख रणांगणावर गेले, कित्येक परतलेच नाहीत. बऱ्याच ठिकाणी मोठ्या मुलांनीच धाकट्यांची पथके चालू ठेवली. युद्ध संपले तेव्हा नवी माणसे तयार करण्याची निकड उघड झाली होती.

डब्ल्यू. एफ. डी बॉइस मॅक्लारेन या स्कॉटिश गृहस्थाने दिलेल्या देणगीतून लंडनजवळची गिलवेल पार्क ही मोडकळीस आलेली वास्तू विकत घेण्यात आली व १९१९ च्या जुलैमध्ये तिचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात पथकप्रमुखांचे पहिले ‘वुड बॅज’ शिबिर तेथे भरले. शिबिरार्थी होते अवघे १९, आणि प्रमुख होते फ्रान्सिस गिडनी. शिबिर पूर्ण करणाऱ्यास पदक किंवा पदवी न देता चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी देण्यात आले. झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेतले म्हणून हे मूळ मणी सांगितले जातात. पुढे त्यांच्या प्रतिकृती देण्याची प्रथा पडली, ती आजतागायत चालू आहे.

या योजनेची बांधणी मुळातून पाहण्याजोगी आहे. स्वयंसेवकास आज्ञा करता येत नाही, त्याचा पगार कापता येत नाही, बढतीचे आमिषही दाखविता येत नाही. बेडन-पॉवेल सेनाधिकारी होते. सक्ती कोठे चालते व कोठे चालत नाही, हे ते चांगले जाणत होते. म्हणून शिबिरातील प्रौढांना व्याख्याने ऐकत बसविण्याऐवजी त्यांनाच लहान लहान संघांत वाटले गेले. त्यांनीच चूल पेटवायची, स्वयंपाक करायचा, गाठी मारायच्या व रात्री शेकोटीभोवती गायचे. मुलाने जे करावयाचे ते मोठ्याने आधी स्वतः करून पाहावे, हा त्यातील मंत्र होता. पुढे या शिक्षणाचे तीन भाग रूढ झाले : घरी बसून प्रश्नांची लेखी उत्तरे लिहिणे, शिबिरात प्रत्यक्ष अनुभव घेणे, आणि परत आल्यावर आपल्याच पथकात ते काही काळ अमलात आणून दाखविणे. तिन्ही पार पडल्याखेरीज मणी मिळत नसत. शिक्षण पूर्ण झाले की नाही याची खरी परीक्षा केंद्रावर न घेता त्या माणसाच्या गावी, त्याच्याच मुलांमध्ये घ्यावी, ही यातील दूरदृष्टी होय.

या इतिहासाशी आपल्या देशाचाही धागा जुळलेला आहे. कलकत्त्याच्या पोलीस खात्यात अधिकारी असलेले जे. एस. विल्सन गिलवेलला शिकण्यास गेले आणि १९२३ मध्ये तेथीलच शिबिरप्रमुख झाले. वीस वर्षे त्यांनी ते काम सांभाळले. सरकारी नोकरी आणि मुलांची सेवा यांचे हाडवैर नाही, याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

भारतात स्काउटिंग १९०९ साली बंगलोरला आणि गाइडिंग १९११ साली आपल्या या जबलपुरात सुरू झाले. आरंभी मात्र हिंदी मुलांना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा डॉ. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासला स्वतंत्र संघटना उभारली. श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट कार्य उभारले. त्यास पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांचे पाठबळ लाभले. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनीही या चळवळीसाठी मोठे कष्ट घेतले. अनेक संघटनांचा हा पसारा स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाने एकत्र आला, व पुढल्या वर्षी गाइड संघटनाही त्यात सामील झाली. पचमढी ही जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची उन्हाळी राजधानी. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते; त्यामुळे तेथील वाटा आपल्या जुन्या मंडळींना परक्या नव्हत्या. आज बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि हिमालय वुड बॅज अशा पायऱ्यांनी हे शिक्षण दिले जाते.

पायऱ्या आहेत, परंतु पहिल्या पायरीवर थांबणारेच फार. याची कारणे मी दुसऱ्यांत शोधत नाही, कारण मी त्यांतलाच एक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दूरच्या एका गावी मी एक पथक सांभाळीत असे. बेसिक शिबिर केले होते. पुढचे मात्र ‘यंदा रजा नाही’, ‘यंदा बदली व्हायची आहे’ असे म्हणत तीन वर्षे लांबणीवर टाकले. एका रविवारी २४ मुलांना घेऊन डोंगरावर गेलो. उतरताना पायथ्याशी मोजणी केली, ती २३ भरली. वर एके ठिकाणी वाट फुटत होती, हे तेव्हा मला आठवले. तासाभराने, दिवेलागणीच्या सुमारास, एक गुराखी त्या मुलास हाताशी धरून घेऊन आला. मुलाची आई मला एक शब्दही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र तो मुलगा आला नाही आणि नंतरही कधी आला नाही. मी पुढील शिबिरास गेलो तेव्हा मुलांच्या जोड्या लावणे, वाट फुटेल तेथे थांबून मोजणे, सर्वांत मागे जाणता मुलगा ठेवणे, हे सारे पहिल्याच फेरीत शिकविले गेले. एवढ्या साध्या गोष्टी! त्या शिकण्यास तीन वर्षे उशीर केल्याची खंत आजही जात नाही.

काळही पालटला आहे. २०१२ साली बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा झाला. त्यानुसार असा प्रकार माहीत असूनही तो न कळविणे हा गुन्हा ठरतो. मुलांत वावरणाऱ्या स्वयंसेवकास ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. प्रेम आणि उत्साह यांच्या जोडीला जाणतेपण हवेच.

आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे. आपल्या बालवर्गात व उन्हाळी शिबिरात मुले येतात, ती मराठी शब्द कानावर पडावेत म्हणून पालक पाठवितात म्हणून. आणि पालक पाठवितात ते आपल्या माणसांवर विश्वास आहे म्हणून. आपली तरुण मुले-मुली हे वर्ग हौसेने चालवितात. त्यांना शिक्षण घेण्याचा नुसता उपदेश करून भागणार नाही. गिलवेलचा इतिहास सांगतो, की स्वयंसेवकाच्या मार्गातील धोंडे आधी आपण दूर करावेत. प्रवासखर्च मंडळाने द्यावा. एकट्यास न धाडता दोघांना जोडीने पाठवावे, म्हणजे एक ढेपाळला तर दुसरा त्यास ओढील. ती दोघे गेली असता त्यांचा वर्ग कोण घेणार, हे आधीच ठरवावे. रेल्वेत स्काउट कार्यासाठी विशेष नैमित्तिक रजेची सोय आहे. इतरांना ती मिळत नसेल, तर त्यांच्या रजेची किंमत आपण निदान ओळखावी. आणि गणेशोत्सवात स्पर्धांची बक्षिसे देताना, शिक्षण पुरे करून परतलेल्यांना चार लोकांत श्रीफळ द्यावे.

मणी दोनच असतात, आणि तेही लाकडाचे. परंतु ते ज्याच्या गळ्यात आहेत, त्याच्या हाती आपले मूल देताना आईचा हात कचरत नाही. पुढील पन्नास वर्षांसाठी मंडळाने एवढी शिदोरी बांधून ठेवली, तरी पुष्कळ झाले.