बैठ्या कामातील स्थौल्यनिवारणाचा आरंभ

प्रथम तीन पदांचे अर्थ निश्चित करू. ज्या कामात जागेपणीचा बहुतांश काळ बसून आणि अत्यल्प स्नायुश्रमात जातो, ते ‘बैठे काम’. असे काम सोपे असते असे नाही. नवी मुंबईत ऐरोलीच्या आयटी पार्कमधील अभियंता किंवा बेलापूरच्या शासकीय कार्यालयातील लिपिक संध्याकाळी खरोखर थकलेला असतो. मात्र त्या थकव्यात स्नायूंचा भाग नगण्य असतो. शरीरात आरोग्याला बाधक इतका मेद साठणे, हे ‘स्थौल्य’. आणि ‘आरंभ’ म्हणजे निश्चय केल्यापासून नवी दिनचर्या अंगवळणी पडेपर्यंतचा काळ. येथे तो सुमारे तीन महिन्यांचा धरला आहे.

स्थौल्याची व्याख्या वजनावरून न करता मेदावरून करण्यास कारण आहे. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. भारतीय देह बारीक दिसूनही मेदबहुल असू शकतो. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या: बीएमआय २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थौल्य, कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच. ‘माझे वजन तसे फार नाही’ हे बैठे काम करणाऱ्याचे समाधान या कसोटीवर पुष्कळदा टिकत नाही.

आता ऊर्जेच्या व्ययाकडे वळू. त्याचे तीन विभाग पडतात: (१) श्वसन, रक्ताभिसरण इत्यादींसाठी विश्रांतीतही होणारा व्यय, जो बैठ्या माणसात एकूण व्ययाच्या साठ ते सत्तर टक्के असतो, (२) अन्नपचनासाठीचा, सुमारे दहा टक्के, (३) हालचालीचा. या तिसऱ्याचे पुन्हा दोन उपविभाग: हेतुपूर्वक व्यायाम, आणि उठणे, चालणे, जिना चढणे, घरकाम यांत सहज होणारी हालचाल. पहिले दोन विभाग इच्छेने फारसे बदलत नाहीत. बैठ्या नोकरीने हिरावून घेतलेला भाग म्हणजे ही सहज हालचाल. व्यायाम बहुतेकांच्या दिनक्रमात आधीही नव्हता.

येथे स्वाभाविक अनुमान असे निघते की, हालचाल घटली तर भूकही तेवढीच घटेल आणि तोल आपोआप राखला जाईल. हे अनुमान चुकीचे आहे. १९५६ साली जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील माणसांचा आहार व वजन त्यांच्या श्रमांनुसार मांडून पाहिले. मध्यम ते अतिकष्टाच्या कामांत श्रमाबरोबर आहार वाढत होता आणि वजन स्थिर होते. परंतु अगदी बैठी कामे करणाऱ्यांत, म्हणजे कारकून, पर्यवेक्षक आणि दुकानदार यांत, आहार कमी न होता उलट वाढलेला आढळला. वजनही त्यांचेच अधिक. हा एका वेळचा अभ्यास आहे. बैठ्या लोकांची मिळकत अधिक असणे हेही त्यामागचे एक कारण असू शकते. त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. तरीही माझ्या मते बैठ्या माणसाला समजून घेण्यासाठी हा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष आहे: श्रमाची एक किमान पातळी असते आणि तिच्याखाली भुकेचे मापन विश्वसनीय राहत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही प्रमेहाची कारणे मोजताना आरंभीच बसून राहण्याचे सुख सांगितले आहे.

यावरून हालचाल आणि आहार यांची कार्ये वेगळी करता येतात. मेद घटवण्याचे मुख्य काम आहारातील कपात करते; ती कपात सुसह्य आणि टिकाऊ करण्याचे काम हालचाल करते. गणित असे आहे. एक किलो मेदसंचयात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. ६५ किलोचा माणूस एक किलोमीटर चालल्यास ४० ते ५० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे तीन किलोमीटरला १२० ते १५०. कार्यालयातील तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखरेचे, यांतील केवळ साखरच १२० किलोकॅलरींची होते. जो चालतो पण चहा बदलत नाही, त्याचे वजन फारसे हलत नाही. जो चहा बदलतो पण चालत नाही, त्याला भूक अन्य वाटेने गाठते.

नवी मुंबईत श्रमाची ही किमान पातळी कशी गाठावी, हा स्थलविशिष्ट प्रश्न आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर ही उपनगरे रेल्वेमार्गालगत सेक्टरांत रचली गेली. त्यामुळे अनेक वस्त्या स्थानकापासून एक-दीड किलोमीटरच्या आत आहेत. हे अंतर चालण्यासाठी आदर्श आहे, आणि नेमके तेच शेअर रिक्षाने कापले जाते. वाशी आणि बेलापूर येथे तर स्थानकाच्या इमारतीतच कार्यालये आहेत. ऐरोलीत आयटी पार्क स्थानकाला लागून आहे. कंपनीची बस दारातून उचलून फाटकात सोडते. नगररचनेने दिलेले चालणे सोयींनी काढून घेतले आहे. म्हणून आरंभीचा पहिला नियम असा की, चालणे प्रवासातच बसवावे, सकाळ-संध्याकाळ स्थानकापर्यंत. पाम बीच मार्गालगतचा किंवा नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा फेरफटका उत्तम आहे, पण तो उरलेल्या वेळेवर अवलंबून असतो, आणि कामावर जाणे टळत नाही. जून ते सप्टेंबर या काळात चालणे खंडित होते. तेव्हा जिना हा पर्याय आधीच ठरलेला असावा.

कार्यालयातील तासांचा विचार वेगळा. सलग बसण्यात दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे २०१२ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. येथे लाभ शर्करेच्या नियमनाचा आहे. त्यातून वजन उतरण्याची अपेक्षा धरू नये.

आहाराचे दोन वर्ग करावेत: जेवणे, आणि जेवणांमधले खाणे. आरंभी दुसऱ्यालाच हात घालावा. चहाबरोबरचे बिस्किट, मीटिंगमधले सामोसे, वाढदिवसाचा केक, स्थानकाबाहेरचा वडापाव हे खाणे बहुधा भुकेपोटी नसते. ते प्रसंगाने येते. ते काढले तरी पोट रिकामे राहिल्याची भावना कमी असते. जेवणात घट करताना डबा लहान करण्यापेक्षा त्याची घडण बदलावी: पोळी-भात कमी, उसळ, ताक व कोशिंबीर अधिक. अतिस्थूलाला पचायला जड पण पोषणाने हलके अन्न द्यावे, हे चरकाचे सूत्र याच दिशेचे आहे. प्रथिने कमी करू नयेत, कारण वजन उतरताना मेदाबरोबर स्नायूही झिजतात. तेलाचे मोजमाप ताटात करता येत नाही, किराणा मालाच्या यादीत करता येते: चार माणसांच्या घरात महिन्याचे तेल चार लिटरवरून तीनवर आणले, तर दरडोई दिवसाला सुमारे ७० किलोकॅलरी कमी होतात. ही कपात घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या सहभागाशिवाय अशक्य आहे. तिला वगळून केलेला संकल्प फार काळ चालत नाही.

कालक्रमाने तीन अवस्था दिसतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वजन वेगाने उतरते. त्यातील मोठा भाग ग्लायकोजेन आणि त्याच्याशी बद्ध पाण्याचा असतो, कारण एका ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. दुसऱ्या अवस्थेत, महिनाअखेरीपर्यंत, वेग मंदावतो. प्रयत्न सोडण्याचे प्रमाण येथेच अधिक संभवते, कारण पहिल्या वेगाची अपेक्षा कायम झालेली असते. वस्तुतः मेदाचा खरा क्षय आता चालू असतो. रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली, तरी आठवड्याला अर्धा किलोहून किंचित कमीच हिशेब निघतो. तिसऱ्या अवस्थेत हलक्या झालेल्या देहाचा व्ययही घटतो आणि त्याच आहारात तूट कमी पडू लागते. व्यायामाची, विशेषतः स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची, भर घालण्याची योग्य वेळ ही. पहिल्याच दिवशी जिमचे वार्षिक शुल्क भरणे हा क्रमभंग आहे. मापन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी करावे, आणि वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा. काट्यावर न दिसणारा बदल बरेचदा फितीवर आधी दिसतो.

दोन वर्ग या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहतात. रात्रपाळीत काम करणाऱ्यांचे जेवण व झोप देहाच्या नैसर्गिक घड्याळाविरुद्ध चालतात, आणि अपुरी झोप भूक वाढवते. त्यांनी आहाराआधी झोपेची वेळ स्थिर करावी. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, कारण तीच मात्रा कमी आहारात शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.