जिवाणी, आड आणि बोअर



पाणी वाचवा म्हटलं की आपल्याला नळ आठवतो. आपल्या घरांत ही शिकवण नळाच्या कितीतरी आधी आली, ती गाळण्याच्या फडक्यातून.

तेराव्या शतकात माळव्यातल्या पंडित आशाधरांनी श्रावकांसाठी ‘सागारधर्मामृत’ हा ग्रंथ लिहिला. पाणी गाळण्याच्या व्रतात काय चुकतं, हेही त्यांनी त्यात सांगितलंय. विरलेल्या, खराब फडक्यानं गाळणं हा दोष आहे. आणि गाळून उरलेलं पाणी, म्हणजे जिवाणी, दुसऱ्याच पाणवठ्यात सोडणं हाही दोष आहे. जिथलं पाणी तिथेच जिवाणी परत गेली पाहिजे, कारण त्या जिवांचं घर तेच.

आपल्या आज्या-पणज्यांनी ग्रंथ वाचला नसेल, पण नियम हाताला होता. माझ्या सासूबाई आडावर दुहेरी फडकं घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळायच्या. मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि ती जिवाणी तळाला कडी असलेल्या लहान भांड्यातून आडात सोडायची. वरून ओतायची नाही. भांडं पाण्याला टेकलं की मगच उलटं करायचं. एवढा खटाटोप केल्यावर घागरभर पाणी कोण उगाच सांडेल? भांडी विसळलेलं पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जायचं. आडात रोज डोकावल्यामुळे पाणी किती उतरलं, हेही घरातल्या बाईला ठाऊक असायचं. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर आड हे उघडं पासबुक होतं.

ते मिटलं १९७२ च्या दुष्काळानंतर. आड आटले, विहिरींनी तळ गाठला. सरकारनं आणि युनिसेफनं खडकात बोअर घेऊन हातपंप बसवले. सोलापूरला तयार झालेला मजबूत पंप तेव्हा गाजला. पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क २’ त्याच्याच आधारावर बनला. त्या पंपांनी बायकांची मैलोन्‌मैलाची पायपीट वाचवली, हे उपकार विसरून चालणार नाही.

पण बोअरचं तोंड जेमतेम सहा इंचाचं, वर झाकण ठोकलेलं. जिवाणी सोडायची कुठे? पुढे घराघरांत मोटार आणि नळ आले. आपण नळाला गाळणं बांधलं, म्हणजे व्रताचा पहिला भाग टिकला. परत सोडण्याचा दुसरा भाग मोरीत वाहून गेला. पातळीही दिसेनाशी झाली. आपल्याकडचा काळा खडक पाणी धरतो ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात, आणि ते भरतं पावसानंच. उचल चालू आणि जमा बंद, असं खातं किती दिवस चालेल? एप्रिलमध्ये दारात टँकर उभा राहतो, तेव्हा याचं उत्तर मिळतं.

म्हणून मला वाटतं, बोअर असलेल्या प्रत्येक घरानं पावसाचं पाणी परत द्यावं. ही काही जिवाणी नव्हे, शास्त्रातल्या व्रताची जागा ती घेणार नाही. पण जिथून घेतलं तिथे परत करण्याची वृत्ती तीच.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटरची एक सर आली तर हजार लिटर! पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या. नंतरचं पाणी पाइपातून बोअरजवळच्या दगडगोटे, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यात मुरवा. मोरीचं आणि साबणाचं पाणी तिकडे अजिबात जाऊ देऊ नका. बागेला तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घाला आणि झाडांच्या बुडाशी पालापाचोळा पसरा, म्हणजे ओल टिकते.

गावाकडे घराचा जुना आड अजून असेल, तर तो कचऱ्यानं बुजवू देऊ नका. जिवाणी सोडायची जागा आता तेवढीच उरली आहे. सूनबाईंना आणि लेकींना त्या भांड्याच्या तळाची कडी कशासाठी असते, ते एकदा दाखवा.