बेसबॉल हॉल ऑफ फेम : निवडीचा वाद
न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे १९३९ मध्ये खुल्या झालेल्या या सन्मानदालनात जाण्याची मुख्य वाट बेसबॉल पत्रकारांच्या मतदानातून जाते. त्यासाठी किमान ७५ टक्के मते लागतात. वाद आकड्यांपेक्षा चारित्र्यावरून अधिक पेटतो, कारण सचोटी व खिलाडूवृत्ती हे निकष नियमांतच आहेत. ७६२ होमरन ठोकणारा बॅरी बाँड्स उत्तेजकांच्या संशयापायी २०२२ मध्ये, शेवटच्या संधीतही, ६६ टक्क्यांवर अडला. ४,२५६ हिट्सचा विक्रमवीर पीट रोझ याच्यावर सट्टेबाजीमुळे १९८९ मध्ये कायमची बंदी आली. १९९१ च्या नियमाने बंदी असलेल्यांची नावे मतपत्रिकेतूनच वगळली. रोझ २०२४ मध्ये वारला, त्याची बंदी उठली २०२५ मध्ये. त्याच्या नावावर पत्रकारांना निदान मत तरी देऊ द्यायला हवे होते.