उखळीचा सांधा

घरातील उखळ आणि मनुष्याचा खुबा यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्राचीन भारतीय शल्यवेत्त्यांच्या मनात मात्र तो आला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात खुब्याच्या सांध्यास ‘उलूखल’ म्हणजे उखळ असे नाव दिले आहे. उखळीतील मुसळ हवे तिकडे कलते. तसेच मांडीच्या हाडाचे गोल मस्तक कमरेच्या हाडातील खळग्यात सर्व दिशांना फिरते.

या संहितेत हाडांचे 210 सांधे मोजले आहेत : हातापायांत 68, धडात 59 आणि मानेपासून वर 83. त्यांचे चल व स्थिर असे दोन वर्ग केले असून रचनेवरून आठ प्रकार सांगितले आहेत. बोटे, कोपर व गुडघा यांचे सांधे ‘कोर’ या प्रकारात येतात. आजच्या भाषेत ते बिजागरीप्रमाणे उघडतात व मिटतात. कवटीची हाडे शिवणीने जोडल्यासारखी दिसतात, म्हणून तो सांधा ‘तुन्नसेवनी’. जबड्याचा सांधा कावळ्याच्या चोचीसारखा, म्हणून ‘वायसतुंड’. दातही उखळीच्याच वर्गात घातले आहेत. जबड्यात रुतलेल्या दाताला सांधा मानण्याची पद्धत आजच्या शारीरशास्त्रातही आहे.

ही नावे केवळ कल्पनेतून सुचलेली नव्हेत. प्रेत मुंजगवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात एकांत जागी सोडावे; सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासावे आणि आतील प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे या दोहोंनी मिळून ज्ञान वाढते, अशी या ग्रंथाची धारणा आहे.

पुढील शतकांत ही जोडी फुटली. प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ मोठा ठरला. वैद्यांच्या मुखी आठही नावे राहिली. पण ज्यावरून ती पडली, ते पाहणारे डोळे राहिले नाहीत. पाठांतराने नावे टिकली; मात्र मोजणीतील चूक शोधण्याचा मार्ग बंद झाला. श्वासनलिकेची कडी हाडांच्या सांध्यांत मोजली गेली होती. ती तशीच राहिली.

1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी हाती शस्त्र घेऊन शवच्छेदन केले, तेव्हा तुटलेला धागा पुन्हा जुळला. सुश्रुतसंहितेची मुद्रित आवृत्ती तयार करणाराच पंडित प्रेतापुढे उभा राहिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म व एडुआर्ड वेबर या बंधूंचा मनुष्याच्या चालण्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रेताच्या खुब्याभोवतीचे स्नायू व आवरण कापले, तरी पाय निखळला नाही. मग खळग्याला आतून भोक पाडताच हवा शिरली आणि पाय खाली आला. सांध्याला बाहेरील हवेचा दाबही धरून ठेवतो, हे त्यावरून दिसले. बंध, स्नायू आणि खळग्याची कूर्चेची कडा यांचाही त्यात मोठा वाटा असतो, हे पुढील अभ्यासाने दाखविले.

विसाव्या शतकात इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी झिजलेल्या खुब्याजागी पोलादी मस्तक व टेफ्लॉनची वाटी बसविली. काही वर्षांतच त्या वाट्या झिजल्या. आपली चूक त्यांनी झाकली नाही. झिजलेल्या वाट्या तपासून 1962 पासून ते पॉलिथिलीनची वाटी वापरू लागले. ती शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि खिळून पडलेली माणसे पुन्हा चालू लागली.

नदीकाठी कुंचा घेऊन बसलेला प्राचीन शिष्य आणि झिजलेली वाटी हातात धरणारा चार्नली, दोघांचे काम एकच होते. नाव ज्ञानाची खूण सांभाळते. ज्ञान जिवंत राहते ते मात्र पुन्हा पुन्हा उघडून पाहणाऱ्या डोळ्यांमुळे.