इंधन टाकीचे गंजनिर्मूलन व अस्तरीकरण

इंधन टाकीचे गंजनिर्मूलन व अस्तरीकरण ही जुन्या मोटारगाड्यांच्या पोलादी पेट्रोल टाकीतील गंज काढून तिच्या आतील पृष्ठभागावर इंधनरोधक थर चढविण्याची प्रक्रिया आहे. प्रीमियर पद्मिनी, अँबेसडर यांसारख्या कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनात, विशेषतः गाडी अनेक वर्षे बंद अवस्थेत उभी राहिली असल्यास, ही प्रक्रिया करावी लागते.

गंजण्याची कारणे

जुन्या टाक्या बहुधा शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या असत. मुलामा झिजला की पत्रा उघडा पडतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेतली आर्द्रता रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते. त्यामुळे टाकी प्रथम तळाकडून सडते. दमट किनारपट्टीवर हा वेग अधिक असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागल्याने जुन्या गाड्यांच्या संदर्भात या बाबीला महत्त्व आले आहे.

सुटलेले गंजकण इंधनपंपाच्या झडपा, गाळणी व कार्ब्युरेटरचे जेट तुंबवितात. गाडी काही अंतर नीट चालून बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. केवळ गाळणी बदलत राहिल्याने मूळ दोष जात नाही.

स्फोटाचा धोका

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना मिश्रण पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत असे मिश्रण सहज तयार होते. पत्र्याच्या सांध्यांत व गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले इंधन धुतल्यानंतरही वाफ सोडत राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. यास्तव टाकी गाडीतून उतरवून उघड्या हवेत काम केले जाते. भोक बुजविण्यासाठी टाकीला वेल्डिंग करणे किंवा ज्योतीने डाख देणे हे टाकी पूर्णपणे वायुमुक्त केल्याची खात्री असलेल्या अनुभवी कारागिराचेच काम आहे.

स्वच्छता

प्रथम इंधनमापकाचा फ्लोट व नळ्या काढून टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतली जाते. जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर न काढता आम्ल ओतल्यास ते गंजापर्यंत पोहोचतच नाही. नंतर नट, खडी किंवा साखळीचे तुकडे आत घालून टाकी हलवितात. आत आडपडदे असलेल्या टाकीत मात्र हे तुकडे अडकून राहतात. म्हणून साखळी वापरणे बरे, कारण ती ओढून काढता येते.

रासायनिक उपायांत फॉस्फरिक आम्ल सर्वाधिक रूढ आहे. ते गंज विरघळवून पत्र्यावर लोह फॉस्फेटचा पातळ थर ठेवते. हायड्रोक्लोरिक आम्ल जलद असले तरी चांगला पत्राही खाते. सायट्रिक आम्ल व व्हिनेगर सौम्य आहेत. साखर कारखान्यातील मळीचे पातळ द्रावणही वापरले जाते. त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. विद्युत अपघटनात धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरून टाकी बॅटरी चार्जरच्या ऋण अग्राला आणि आत लटकविलेली साधी लोखंडी सळई धन अग्राला जोडतात. सळई टाकीला टेकता कामा नये. या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन निघतो. स्टेनलेस पोलादाची सळई वर्ज्य, कारण तिच्यापासून विषारी क्रोमियम संयुगे बनतात.

आम्ल वापरल्यास ते खाण्याच्या सोड्याने उदासीन करून टाकी ताबडतोब वाळविणे आवश्यक असते. ओला, उघडा पत्रा काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो.

अस्तरीकरण

अस्तरासाठी दोन घटकांचे इपॉक्सी किंवा हवेतील आर्द्रतेने घट्ट होणारे पॉलियुरेथेन वापरतात. द्रव ओतून टाकी सर्व बाजूंना सावकाश फिरवितात व उरलेला द्रव निथळून काढतात. कोपऱ्यात साचलेला जाड थर आतून कच्चा राहतो आणि पुढे सोलून निघतो. हवा येण्याजाण्याची नळी व इंधन ओढणारी नळी बुजणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. थर पक्का होण्यास सामान्यतः काही दिवस लागतात.

मर्यादा

अस्तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजविते. चाळण झालेल्या पत्र्याला ते बळ देत नाही. तेलकट किंवा ओलसर पृष्ठभागावर लावलेले अस्तर पापुद्र्यांनी सुटते आणि त्याचे तुकडे गंजकणांपेक्षाही वाईट रीतीने नळी अडवितात. काही जुन्या प्रकारची अस्तरे इथेनॉलमुळे मऊ पडतात. फसलेले अस्तर काढण्यास तीव्र विद्रावके लागतात. काही वेळा त्यासाठी टाकी कापावी लागते. म्हणून ज्या टाकीचा पत्रा जाड व गळतीविरहित आहे, तिच्यात केवळ गंज काढून अस्तर न लावण्याचा पर्याय अनेक कारागीर निवडतात. अशी टाकी नंतर शक्यतो भरलेली ठेवावी लागते.