दहा दाते, दोन सुळे

बर्फाचा उतार चढायचा तर आधी पायऱ्या खोदायच्या, हा आल्प्समधला जुना शिरस्ता. एकोणिसाव्या शतकातले हौशी गिर्यारोहक सोबत वाटाड्या घेत. तो कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत पुढे जाई आणि मागून खिळे ठोकलेल्या बुटांची मंडळी चढत.

बुटाखाली लोखंडी दाते, म्हणजेच क्रॅम्पॉन, बांधायची युक्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी. झ्युरिकच्या योसियास झिमलरने १५७४ साली आल्प्सवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात तिचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढेही मेंढपाळ आणि शिकारी चार दात्यांचे पट्टे वापरत राहिले. पण ते दाते तळव्याच्या मध्यावर बसत. चवडा आणि टाच मोकळीच राहत. शिवाय अनेक ब्रिटिश गिर्यारोहकांना अशी साधनं वापरणं ही लबाडी वाटे.

ऑस्कर एकेन्स्टाइन या रेल्वे इंजिनिअरला तसं वाटलं नाही. १९०२ च्या के-टू मोहिमेचं नेतृत्व केलेल्या या माणसाने १९०८ मध्ये सबंध तळवा व्यापणाऱ्या दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा तयार केला. इटलीतल्या कुर्मायर गावच्या आंरी ग्रिव्हेल या लोहाराने तो पोलादात उतरवला. सगळे दाते खाली रोखलेले, त्यामुळे उतार कितीही तिरपा असो, घोटा वळवून पूर्ण तळवा बर्फावर टेकवायचा. हीच पुढे ‘फ्रेंच पद्धत’ म्हणून रूढ झाली. तीव्र उतारावर मात्र घोटे जायबंदी व्हायची पाळी.

यावर तोड काढली ग्रिव्हेलच्याच मुलाने. १९२९ मध्ये लॉरांने पुढच्या बाजूला दोन सुळे जोडले. आता बुटाचं टोक बर्फात रोवून सरळ उभं चढता येऊ लागलं.

या सुळ्यांची कसोटी लागली जुलै १९३८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या आयगरच्या उत्तर कड्यावर. कडा चढू पाहणाऱ्या एका जोडीतल्या कास्पारेककडे दहा दात्यांचे क्रॅम्पॉन होते, तर हाररकडे क्रॅम्पॉनच नव्हते. (देहरादूनच्या छावणीतून पळून तिबेट गाठणारा हारर तो हाच.) दोघे पायऱ्या खोदत चढत होते. मागाहून निघालेल्या दुसऱ्या जोडीपाशी, हेकमायर आणि फर्गपाशी, बारा दात्यांचे नवे क्रॅम्पॉन होते. त्यांनी भराभर चढून या दोघांना गाठलं. मग चौघे एकत्र चढले आणि २४ जुलैला माथ्यावर पोहोचले.

आज क्रॅम्पॉन निवडताना हीच कुळकथा कामी येते. हिमनदीवरच्या साध्या चालीला दहा दाते पुरतात. तीव्र बर्फाला बारा हवेत. सुळ्यांवर उभं राहायचं तर बुटाचा तळ कडक हवा. मऊ बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन निसटतो. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण खडकावर लवकर बोथट होतं. तिथे पोलादच घ्यावं. तळाशी बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून प्लेट असलेली जोडी पाहावी. चालताना पावलांत थोडं अंतर ठेवावं, नाहीतर दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात.

केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला भाड्याने मिळतात ते बहुतेकदा रबर आणि साखळीचे मायक्रोस्पाइक्स. मळलेल्या वाटेवर ते ठीक. उभ्या कठीण बर्फावर त्यांच्या भरवशावर जाऊ नये. आणि क्रॅम्पॉन कोणतेही असोत, ते बुटावर घट्ट बसतात की नाही हे घरीच पाहून घ्यावं.