शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला

मे 1668. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावची स्पॅनिश वस्ती रसदेच्या गलबताकडे डोळे लावून बसली होती. गलबत आलं, ओळखीचंही निघालं. पण ते वाटेतच इंग्रज चाचा रॉबर्ट सर्लच्या हाती लागलं होतं. रात्री त्याची माणसं किनाऱ्यावर उतरली. सुमारे 60 जणांचा जीव गेला आणि गाव लुटलं गेलं.

हे काही पहिलं संकट नव्हतं. 1565 मध्ये वसलेलं हे गाव 1586 मध्ये फ्रान्सिस ड्रेकने जाळलं होतं. शतकभरात इथे एकामागून एक नऊ लाकडी किल्ले उभे राहिले. काही कुजले, काही जळाले. स्पॅनिश दरबाराची थैली सुटली ती सर्लच्या छाप्यानंतर. राजमाता मारियानाने दगडी किल्ल्यासाठी पैसे मंजूर केले. त्यात 1670 मध्ये इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्स टाउन वसवलं, आणि 2 ऑक्टोबर 1672 रोजी या किल्ल्याचा, म्हणजे कास्तियो दे सान मार्कोसचा, पाया खणायला सुरुवात झाली.

दगड मिळाला समोरच्या अनास्तासिया बेटावर. कोकिना म्हणतात त्याला: हजारो वर्षांत शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटून तयार झालेला. कोकणातल्या जांभ्यासारखाच तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर सुकला की टणक होतो. चुनाही कालवांची शिंपलं भाजूनच केला. काम चाललं 23 वर्षं. हवानाहून पाथरवट आणले होते. पण खाणीतलं आणि ओझी वाहण्याचं कष्टाचं काम केलं ते तिमुकुआ, ग्वाले आणि अपालाची या स्थानिक जमातींच्या माणसांनी, कैद्यांनी आणि आफ्रिकी गुलामांनी.

किल्ला बांधायला घेतला चाच्यांना रोखण्यासाठी, पण खरी कसोटी लागली ती शेजारच्या इंग्रज वसाहतींमुळे. 1702 मध्ये कॅरोलायनाचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला. सुमारे 1500 माणसं जवळजवळ दोन महिने तटाच्या आत कोंडून राहिली. तोफगोळ्यांनी कोकिना तडकली नाही. तिच्या सच्छिद्र अंगात गोळे रुतून बसले. हवानाहून आरमार आल्यावर मूर परतला, पण जाताना गाव जाळून गेला. 1740 मध्ये जॉर्जियाच्या ऑगलथॉर्पने तोफा चढवल्या त्या अनास्तासिया बेटावरच, जिथून किल्ल्याचा दगड आला होता. त्यालाही हात हलवत जावं लागलं. त्याच्या फौजेला मोठा तडाखा बसला तो मोसे इथे. इंग्रज वसाहतींतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिशांनी 1738 मध्ये तिथे वसवलं होतं, आणि त्यांचीच पलटण या लढाईत स्पॅनिश सैन्याबरोबर उतरली होती.

लढून हा किल्ला कुणालाच घेता आला नाही. 1763 मध्ये तहाने तो ब्रिटनकडे गेला, पुढे पुन्हा स्पेनकडे आला आणि 1821 मध्ये अमेरिकेला मिळाला. अमेरिकेने त्याचं नाव फोर्ट मॅरियन ठेवलं आणि त्याचा तुरुंग केला. 1837 मध्ये सेमिनोल पुढारी ओसिओला इथे कैदेत होता. 1886-87 मध्ये सुमारे 500 अपाचे इथे डांबले गेले, त्यांत बायका-मुलंच जास्त.

1942 मध्ये किल्ल्याला जुनं स्पॅनिश नाव परत मिळालं. तिथे जाणाऱ्याने तोफा जरूर पाहाव्यात, पण दगड वाहणारे आणि पुढे त्याच दगडांमागे कोंडले गेलेले यांची हकीकतही तिथेच विचारून घ्यावी.